सुरुवातीच्या मोटारींची बॅटरी-कॉईल ठिणगी: आधी आली, मागे पडली, परत आली

वंगणवाला

नमस्कार मंडळी,

व्हिंटेज रॅलीच्या धाग्यावर 'मॅग्नेटो चांगला की कॉईल' असा वाद निघाला होता. (मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर स्वतःच वीज बनवून ठिणगी पाडणारं यंत्र; कॉईल म्हणजे बॅटरीच्या थोड्या व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी तारेची गुंडाळी.) तिथे ते अवांतर होत होतं, म्हणून हा वेगळा धागा.

इंजिनात ठिणगी पाडायचं काम बॅटरी आणि कॉईल या जोडीनं मॅग्नेटोच्या कितीतरी आधी केलेलं आहे. एत्येन लन्वारच्या १८६० च्या गॅस इंजिनावर बॅटरी होती, रुमकॉर्फ कॉईल होती आणि चिनी मातीचं इन्सुलेशन असलेला प्लगसुद्धा होता. कार्ल बेंझनं १८८५-८६ च्या तीनचाकीत तीच वाट धरली. डाइमलर त्या काळात हॉट ट्यूब वापरायचा. म्हणजे बर्नरनं लालबुंद तापवलेली नळी सिलिंडरला जोडलेली असायची आणि दाबलेलं मिश्रण तिच्यात शिरलं की पेट घ्यायचं. पुढे १९०२ साली बॉशमध्ये गॉटलोब होनोल्टनं हाय टेन्शन मॅग्नेटो तयार केला आणि थोड्याच वर्षांत चांगली गाडी म्हणजे मॅग्नेटोची गाडी असं समीकरण झालं. बॅटरी-कॉईल मागे पडली. तरी पुढच्या काळात बहुतेक गाड्यांत तीच परत आली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीपर्यंत टिकली.

हे असं का झालं, हा मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात रंजक प्रश्न वाटतो. माझं मत असं की निकाल ठिणगीच्या दर्जावर लागलाच नाही. गाडीत वीज साठवायची कशात आणि साठा संपला की भरायची कशी, यावर तो लागला.

आधी ट्रेंबलर कॉईल. लोखंडी तारांच्या जुडग्यावर जाड तारेचे थोडे वेढे, त्यावर बारीक तारेचे हजारो वेढे, आणि टोकाशी एक स्प्रिंगची पट्टी. करंट सुरू झाला की गाभ्यात चुंबकत्व येतं आणि पट्टी ओढली जाते. ती ओढली गेली की सर्किट तुटतं, चुंबकत्व जातं, पट्टी परत जागेवर येते आणि पुन्हा तेच. जुन्या दारावरच्या विजेच्या घंटीची हीच रचना. सर्किट तुटलं की दरवेळी बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. कॉईलला करंट कधी द्यायचा एवढंच इंजिन ठरवतं. प्लगवर एक ठिणगी पडत नाही, ठिणग्यांची सरच पडते.

सावकाश चालणाऱ्या इंजिनाला हे उत्तम. बेंझचं इंजिन मिनिटाला साधारण ४०० फेरे घ्यायचं. पण पट्टी ओढली जायला वेळ लागतो, दोनेक मिलिसेकंद धरा. ४०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक २.४ अंश फिरतो, म्हणजे ठिणगी पाचेक अंश उशिरा. चालून जातं. १५०० आरपीएमला तोच उशीर १८ अंशांचा होतो आणि ३००० ला ३६ अंशांचा. हा उशीर कायम सारखा राहिला असता तर ठिणगी तेवढी आधी घेऊन भागलं असतं. पण पट्टीचा ताण, बिंदूंची झीज आणि बॅटरीचा जोर यांच्याबरोबर तो बदलत राहतो. चार सिलिंडरना चार कॉईल असतील तर चौघींचा उशीर चार तऱ्हांचा.

१८९५ मध्ये दे दियों-बुतोंच्या छोट्या इंजिनावर जॉर्ज बुतोंनं ट्रेंबलर काढूनच टाकला. सर्किट तोडायचं काम त्यानं इंजिनाच्या कॅमवर सोपवलं. एक स्प्रिंगपट्टी, तिच्या टोकाला जड डोकं. डोकं कॅमच्या खाचेत पडलं की पट्टी प्लॅटिनमच्या टोकाच्या स्क्रूला टेकते, खाचेतून बाहेर आलं की सुटते. ठिणगी कॅम सांगेल तेव्हाच. ते इंजिन १५०० आरपीएमला आरामात चालायचं, आणि त्या काळात हा वेग म्हणजे कमाल होती. आपले पॉईंट, म्हणजे सर्किट जोडणारे-तोडणारे बिंदू, या पट्टीचे थेट वंशज.

मग एवढं जमल्यावर मॅग्नेटो का जिंकला? कारण ठिणगी सुधारली तरी बॅटरी होती तीच. गाडीवर डायनामो नव्हता. कोरडे सेल घातले तर संपल्यावर फेकायचे आणि नवे घ्यायचे. लेड-ॲसिड बॅटरी असली तर ती उचलून चार्जिंगला न्यायची, आणि गावात वीज असली तर ना! वाटेत बॅटरी उतरली की गाडी जागच्या जागी. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतो, त्याला हा जाच नाही.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं हा प्रश्न खर्चाच्या बाजूनं पकडला. तो ओहायोतल्या डेटनला नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये होता. सहकारी एडवर्ड डीड्सच्या घरामागच्या कोठारात त्यांचं फावल्या वेळचं काम चालायचं. ट्रेंबलरच्या सरीतली कामाची ठिणगी पहिलीच, बाकीच्या म्हणजे सेलमधून वाया गेलेला करंट. त्यानं रिले घालून एका वेळी एकच ठिणगी पाडणारी यंत्रणा बसवली. कॅडिलॅकच्या हेन्री लीलंडनं ती घेतली, १९०९ मध्ये डेल्को कंपनी उभी राहिली आणि १९१० च्या मॉडेलवर ही यंत्रणा आली.

खरी कलाटणी मात्र १९१२ च्या कॅडिलॅकनं दिली. तिच्यावर विजेचा सेल्फ स्टार्टर आला. स्टार्टर म्हटला की मोठी बॅटरी आली, आणि बॅटरी भरायला डायनामो आलाच. म्हणजे बॅटरी-कॉईलचं जे जुनं दुखणं होतं ते दुसऱ्याच कारणानं बरं झालं! बॅटरी गाडीत असणारच असेल तर मॅग्नेटोचा वेगळा खर्च कोण करेल? युरोपनं जरा वेळ घेतला, पण १९२५ मध्ये खुद्द बॉशनं बॅटरी इग्निशन बाजारात आणलं.

पॉईंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर (ठिणगी पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) यांवर प्रतिसादांत बोलू. ज्यांनी हे स्वतःच्या हातानं उघडलंय त्यांनी जरूर लिहा.

निळीशाई

सुंदर लिहिलंय. मिलिसेकंद आणि अंशांच्या हिशेबानं ट्रेंबलरची अडचण चटकन कळली.

बेंझचा विषय निघालाय तर बर्टा बेंझचा उल्लेख हवाच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ती दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, शंभरेक किलोमीटर, नवऱ्याला न सांगता. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं हॅटपिननं मोकळी केली, आणि इग्निशनच्या वायरचं आवरण झिजून उघडं पडलं होतं तिथे स्वतःच्या मोज्याचा गार्टर गुंडाळला. म्हणजे जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात रस्त्यावर दुरुस्त झालेल्या गोष्टींत इग्निशनची वायर आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक विचारायचं होतं. पॉईंट उघडले की ठिणगी पडते हे समजलं. मग कंडेन्सर कशाला लागतो? तो नसला तर काय बिघडतं?

वंगणवाला

@निळीशाई, बर्टाबाईंची आठवण काढलीत हे फार बरं केलं.

कंडेन्सरबद्दल. कॉईलमधून तीन-चार अँपिअर करंट वाहतोय आणि आपण पॉईंट उघडतो. करंट एकदम थांबायला तयार नसतो. जाड तारेच्या वेढ्यांत, म्हणजे प्रायमरीत, अडीच-तीनशे व्होल्ट उभे राहतात, आणि त्या क्षणी पॉईंटमधली फट केसाएवढीसुद्धा नसते. कंडेन्सर नसेल तर करंट त्या फटीतूनच ठिणगी पाडत वाहत राहतो. त्यानं पॉईंट जळतात हे एक. दुसरं त्याहून वाईट. चुंबकत्व एका झटक्यात कोसळायला हवं ते रेंगाळत कोसळतं. सेकंडरीत, म्हणजे बारीक तारेच्या वेढ्यांत, किती व्होल्ट येणार हे चुंबकत्व किती वेगानं कोसळतं त्यावर असतं, म्हणजे प्लगपर्यंत जोरच पोचत नाही.

कंडेन्सर पॉईंटला समांतर जोडलेला असतो. पॉईंट उघडताच करंट तिकडे वळतो आणि तो भरेपर्यंत पॉईंट पुरेसे लांब गेलेले असतात. फट आता ओलांडता येत नाही, चुंबकत्व झटक्यात जातं, आणि शंभरेक पट वेढे असलेल्या सेकंडरीत दहा-पंधरा हजार व्होल्ट मिळतात. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५३ मध्येच इंडक्शन कॉईलला कंडेन्सर जोडला होता.

साधारण ०.२ मायक्रोफॅराडचा लागतो. फार मोठा घातला तर व्होल्टेज चढायला वेळ लागून ठिणगी मवाळ होते, फार लहान असला तर पॉईंटवर आर्क होतोच.

अर्धवर्तुळ

धागा आवडला, पण मॅग्नेटोवर अन्याय होतोय. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत आजही दोन-दोन मॅग्नेटो असतात. बॅटरी गेली, सगळी वायरिंग गेली, तरी इंजिन चालू राहतं. शिवाय वेग वाढला की मॅग्नेटोची ठिणगी जोरदार होत जाते. कॉईलचं नेमकं उलट. तेव्हा 'दर्जावर निकाल लागलाच नाही' हे बरोबर, पण दर्जात मॅग्नेटोच पुढे होता हेही लिहा की.

वंगणवाला

@अर्धवर्तुळ, वरच्या वेगाला मॅग्नेटो पुढे, यात वादच नाही. पण हँडल मारताना काय होतं? इंजिन हातानं फिरवताना वेग अगदी कमी, तेव्हा मॅग्नेटोची ठिणगी सगळ्यात अशक्त असते. कॉईलची त्याच वेळी सगळ्यात दणकट, कारण पॉईंट बराच वेळ बंद असतात आणि कॉईल पूर्ण भरते. म्हणूनच रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टला दोन्ही पद्धती दिल्या होत्या, दर सिलिंडरला दोन प्लग, एक ट्रेंबलर कॉईलवर आणि एक मॅग्नेटोवर.

कॉईल वरच्या वेगाला का दमते त्याचा हिशेब मांडतो. ६ व्होल्टची बॅटरी, कॉईलचा रोध दीड ओहम, म्हणजे करंट जास्तीत जास्त ४ अँपिअर. पण तो एकदम ४ वर जात नाही. अशा कॉईलचा टाइम कॉन्स्टंट पाचेक मिलिसेकंद असतो, म्हणजे पाच मिलिसेकंदांत करंट ६३ टक्क्यांपर्यंत पोचतो, सुमारे अडीच अँपिअर. आणि साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा ती पूर्ण ऊर्जेच्या फक्त ४० टक्के.

आता चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला चालतंय. एका फेऱ्याला दोन ठिणग्या, सेकंदाला १००. दोन ठिणग्यांत दहा मिलिसेकंद, त्यातला काही वेळ पॉईंट उघडे. हातात उरतात पाच-सहा मिलिसेकंद. म्हणजे आपण आधीच ४० टक्क्यांच्या आसपास आलो. आठ सिलिंडर असले तर तेवढाही वेळ नाही. फोर्डनं १९३२ च्या व्ही-८ ला म्हणूनच एका कॉईलवर दोन पॉईंट दिले. एकानं सर्किट तोडलं की दुसरा लगेच जोडतो, आणि कॉईलला भरायला जास्त वेळ मिळतो. मला ही रचना फार आवडते. एकही नवा शोध न लावता, फक्त वेळेच्या वाटणीत सुधारणा करून काम साधलं.

केटरिंगच्या बरोबरीनं ॲटवॉटर केंट या फिलाडेल्फियाच्या माणसाचं नाव घ्यायला हवं. त्याचा युनिस्पार्कर कोरड्या सेलचा जीव वाचवण्यासाठीच होता. आत एक खाचांचा दंड आणि एक खिटी. खाच खिटीला ओढते, स्प्रिंग तिला परत फेकते, आणि त्या परतीच्या झटक्यात पॉईंट क्षणभर टेकून सुटतात. इंजिन कितीही सावकाश फिरो, पॉईंट बंद राहण्याचा वेळ तेवढाच छोटा. साध्या कॅममध्ये इंजिन रेंगाळलं की कॉईल उगाच करंट पीत बसते, ते यात होत नाही.

मिशिगनकर

इकडे डिअरबॉर्नला ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये मॉडेल टी मधून फेरी मारता येते. कुणी या बाजूला आलात तर चुकवू नका. ट्रेंबलर म्हणजे काय ते कानानं कळतं. इंजिन सुरू व्हायच्या आधी लाकडी पेटीतून कॉईलचा 'झुंईं' असा आवाज येतो.

फोर्डनं मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) दोन्ही पद्धतींचा वेगळाच मेळ घातला होता. फ्लायव्हीलवर १६ चुंबक, समोर १६ कॉईलची कडी. हा झाला लो टेन्शन मॅग्नेटो. त्याची वीज चार ट्रेंबलर कॉईलना. किल्ली 'बॅटरी' कडे फिरवली तर त्याच कॉईल बॅटरीवर चालतात. सुरू करायला बॅटरी आणि मग मॅग्नेटो.

गंमत अशी की मॅग्नेटोची वीज एका फेऱ्यात १६ वेळा उसळते, तेव्हा ठिणगी त्या उसळीच्या वेळीच पडू शकते. डाव्या हाताच्या लिव्हरनं ठिणगी पुढेमागे केली तर ती हळूहळू सरकत नाही, साडेबावीस अंशांच्या पायऱ्यांनी सरकते. बॅटरीवर टाकलं की ती सलग सरकते.

आणि थांबलेली मॉडेल टी कधीकधी नुसती किल्ली बॅटरीवर फिरवून सुरू होते. पिस्टन योग्य जागी थांबलेला असेल आणि सिलिंडरमध्ये मिश्रण शिल्लक असेल, तर ट्रेंबलर थांबल्या इंजिनातही ठिणगी पाडतो. इकडचे जुने लोक त्याला 'फुकटची सुरुवात' म्हणतात. सिल्व्हर घोस्टलाही हे जमायचं.

टुकटुक

पॉईंट उघडणं-मिटणं बघायचं असेल तर जुनी बुलेट घ्या. जुन्या ३५० ला हेडलाइटच्या खोबणीत अँमीटर असायचा. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबायची. पॉईंट मिटलेले असताना कॉईलमधून करंट जातो आणि काटा डिस्चार्जच्या बाजूला कलतो. पॉईंट उघडले की काटा टकदिशी मध्यावर येतो. तिथे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी आलेला असतो. मग डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) ओढून किंचित पुढे न्यायचं आणि सणसणीत किक. सगळे जुने बुलेटवाले असंच चालू करायचे. केटरिंगची सगळी थिअरी त्या काट्यात दिसते.

निळीशाई

@टुकटुक, हे वाचून बाबांची बुलेट डोळ्यांसमोर आली. ते काट्याकडे बघूनच किक मारायचे, कारण आज कळलं.

@वंगणवाला, कंडेन्सरचं उत्तर एकदम पटलं. अजून एक. ठिणगी पुढेमागे करायची लिव्हर कशासाठी?

वंगणवाला

मिश्रण पूर्ण पेटायला साधारण ठरावीक वेळ लागतो. इंजिन जोरात फिरत असेल तर तेवढ्या वेळात क्रँक जास्त अंश पुढे जातो, म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. सुरू करताना उलट, ठिणगी उशिरा हवी. आधी पडली तर पिस्टन वर पोचायच्या आत स्फोट होतो आणि इंजिन उलटं फिरतं. हँडल हातात असेल तर मनगट मोडतं. म्हणून हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा अशी शिकवण होती. सेल्फ स्टार्टरनं किती हात वाचवले याचा विचार केला की केटरिंगबद्दलचा माझा आदर दुणावतो.

पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला थोडं पुढे वळवतात. चालकाचं एक काम कमी झालं.

गावठी_फिटर

पद्मिनीची कामं खूप केली, म्हणून लिहितो.

पावसाळ्यात गाडी बंद पडली की आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायची. आत दमट हवा बसलेली असते आणि करंट प्लगकडे जायच्या ऐवजी कॅपच्या भिंतीवरून सरपटत दुसऱ्या खांबावर जातो. एकदा गेला की तिथे कोळशाची बारीक काळी रेघ उमटते. ती रेघ नंतर कोरड्यातही करंट खाते. कपड्यानं पुसून गाडी चालू होईल, पण रेघ असेल तर कॅप बदला, पुसून उपयोग नाही. रोटरच्या (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या तुकड्याच्या) मधल्या टेकणीवर कार्बनचा तुकडा असतो, तो स्प्रिंगवर नीट उड्या मारतो का तेही बघा.

पॉईंटचा गॅप फिलर गेजनं. कॅमचा उंचवटा बरोबर पट्टीखाली आणून मगच मोजायचा. गॅप जास्त ठेवला तर पॉईंट मिटलेले राहण्याचा वेळ कमी होतो, वर @वंगणवाला यांनी मांडलेला हिशेब तिथेच लागतो, गाडी पळताना मिसिंग मारते. कमी ठेवला तर पॉईंट जळतात. आणि गॅप बदलला की टायमिंगही हलतं, तेव्हा आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा करू नका.

येझदीवेडा

इथेच विचारतो. माझी जुनी येझदी, ६ व्होल्ट, दोन पॉईंट. एका बाजूचे पॉईंट थोड्या दिवसांत काळे पडतात आणि एका बिंदूवर खड्डा, समोरच्यावर तेवढाच उंचवटा होतो. दुसरी बाजू स्वच्छ. पॉईंट नवे टाकले तरी तेच. कॉईल बदलू का?

गावठी_फिटर

@येझदीवेडा, कॉईलला हात लावू नका. एका बिंदूचं धातू उडून दुसऱ्यावर बसतंय, म्हणजे कंडेन्सर आपलं काम करत नाहीये. दोन्ही बाजूंचे कंडेन्सर आपापसांत बदलून बघा. जळणं कंडेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं तर दोष पक्का. जळणं तिथेच राहिलं तर कंडेन्सरचा स्क्रू आणि अर्थची जागा घासून स्वच्छ करा, गंज असला तर कंडेन्सर असून नसल्यासारखा. पॉईंटवर तेल येतंय का तेही बघा, तेल जळलं की काळे पडतात, पण तेलानं खड्डा पडत नाही.

नवा कंडेन्सर घेतला तरी जुना चांगला असलेला फेकू नका. हल्ली बाजारात मिळणारे काही नवे पहिल्या गरम होण्यातच जातात.

येझदीवेडा

धन्यवाद दादा. रविवारी अदलाबदल करतो आणि इथे कळवतो.

वंगणवाला

@येझदीवेडा, इंजिन गार असताना आणि चांगलं तापल्यावर, असं दोन्ही वेळा बघा. काही कंडेन्सर गार असताना धडधाकट असतात आणि तापल्यावरच गळायला लागतात. अंधारात पॉईंटचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलंत तर दोन्ही बाजूंच्या पॉईंटवरची ठिणगी शेजारीशेजारी बघता येईल. चांगल्या बाजूला बारीकशी निळसर दिसेल, खराब बाजूला पिवळट आणि मोठी. जमलं तर फोटो टाका.